कोकमाच्या रंगासाठी ९० दिवसांची रॅट स्टडी करायलाच हवी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कुडाळजवळ तुमचं छोटं युनिट आहे, कोकमाच्या सालीपासून लाल रंगाची पावडर काढता आणि जेली-गोळ्या बनवणाऱ्यांना विकता. आता युरोपातला एक खरेदीदार म्हणतोय टॉक्सिकॉलॉजीचा, म्हणजे विषारीपणा तपासल्याचा, डेटा द्या, एका लॅबने ९० दिवसांच्या रॅट स्टडीचं, म्हणजे रॅटना तीन महिने पावडर देऊन परिणाम बघण्याचं, कोटेशन पाठवलंय, ते बघून पोटात गोळा आलाय, आणि मित्र सांगतोय की भारतात प्राण्यांवर टेस्टिंग बंदच आहे. वर तुमचा सवाल, की आमच्या आज्या-पणज्या सोलकढी पीत आल्या, मग उंदराला विचारून नवीन काय कळणार?

मी कॉन्ट्रॅक्ट लॅबमध्ये स्टडी डायरेक्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, वनस्पतींचे अर्क, रंग, स्वीटनर असल्याच गोष्टी. तेव्हा लॅबची बाजूही माहितीय आणि तुमच्यासारख्या लहान उत्पादकाची अडचणही.

आधी मित्राचं निस्तरू. २०१४ मध्ये भारतात बंदी आली ती कॉस्मेटिक्सच्या प्राणी चाचण्यांवर. खाद्यपदार्थांना, औषधांना, कीटकनाशकांना ती लागू नाही. फक्त ते मन मानेल तसं करता येत नाही, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली सीसीएसईए नावाची समिती आहे जिला जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात, आणि प्रत्येक नोंदणीकृत लॅबमध्ये एथिक्स कमिटी असते. तिच्यात बाहेरचे लोकही असतात, शास्त्रज्ञ नसलेलाही एक जण असतो, आणि माझा अनुभव असा की सगळ्यात अडचणीचा प्रश्न नेमका तोच विचारतो: "हे कागदावर सुटत नाहीये का? मग प्राणी कशाला?" तुम्हीही लॅबला तेच विचारा.

आता मूळ मुद्दा. कोकम नैसर्गिक आहे का, सुरक्षित आहे का, हा प्रश्नच इथे नाहीये. प्रश्न असा आहे की तुम्ही जे विकता ते आणि आजी जे प्यायची ते एकच आहे का. आजीने चार आमसुलं पाण्यात भिजवली, पिळली, नारळाचं दूध घातलं. तुम्ही साल घेता, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये रंग उतरवता, गाळता, आटवता, बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची पूड) घालून स्प्रे ड्राय करता, म्हणजे फवारून सुकवता. या सगळ्यात रंगद्रव्य तर घट्ट होतंच, पण त्याच्यासोबत अजून काय काय घट्ट होतं ते बघायला लागतं. परंपरेचा पुरावा खरा असतो, पण तो ज्या रूपात आणि जेवढ्या प्रमाणात खाल्लं त्यालाच लागू पडतो, त्याच्या वीसपट अर्काला नाही.

म्हणून "नैसर्गिक आहे" या एका वाक्यावर कुठलीच कमिटी पुढे सरकत नाही, आणि त्याला कारणं घडलेली आहेत. जपानमध्ये मॅडर नावाच्या झाडाच्या मुळाचा लाल रंग मिठाईत, पेयांत वापरला जायचा, शेकडो वर्षांचं रंगकामातलं झाड, पूर्ण नैसर्गिक. रॅटना दीर्घकाळ खायला घातला तेव्हा किडनी आणि लिव्हरमध्ये ट्यूमर दिसले, आणि २००४ मध्ये जपानने तो खाद्यरंगांच्या यादीतून काढून टाकला. आपली मंजिष्ठा याच कुळातली, पण ती वेगळी जात आहे, त्यामुळे इथून थेट तिच्यावर निष्कर्ष काढू नका, आयुर्वेदवाले माझ्या अंगावर येतील. मॅडरच्या बाबतीत रॅटने आपलं काम चोख केलं एवढंच म्हणायचंय.

पण रॅट प्रत्येक वेळी बरोबर सांगतो असंही नाही, हे लॅबवाले सहसा सांगत नाहीत. बीटा कॅरोटीन घ्या, गाजरातला रंग. त्याच्यासाठी कित्येक वर्षं शरीराच्या वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंतची रोजची मर्यादा ठरलेली होती, उंदरांच्या अभ्यासांवरून. आणि १९९४ मध्ये फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवरच्या ट्रायलचा निकाल आला, रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. दोन वर्षांनी अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल मध्येच थांबवायला लागली. मग रॅटमध्ये का दिसलं नाही? कारण रॅटचं आतडं बीटा कॅरोटीन तिथल्या तिथे तोडून व्हिटॅमिन ए करून टाकतं, अख्खं रंगद्रव्य रक्तात जवळजवळ जातच नाही, माणसात मात्र जातं. म्हणजे ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची ती त्या प्राण्याच्या शरीरात पोचलीच नव्हती. शेवटी जेक्फाने, म्हणजे एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने, २०१९ मध्ये ती जुनी मर्यादा मागे घेतली. (घाबरून गाजर सोडू नका, गोष्ट सिगरेट ओढणाऱ्यांनी रोज मोठा डोस घेण्याची आहे.)

तेव्हा रॅट स्टडी सांगायच्या आधी कुठल्याही शहाण्या टॉक्सिकॉलॉजिस्टने हे विचारायला हवं की हा रंग पोटातून रक्तात जातो का, रॅटमध्ये आणि माणसात सारखाच जातो का. तुमच्या कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातला, जांभळात, काळ्या द्राक्षात असतो तोच गट. हे अख्खे फार थोडे शोषले जातात, बरेचसे खाली मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया फोडतात. रंगद्रव्याबद्दल मला स्वतःला फारशी काळजी नाही.

माझी काळजी दुसरीच आहे, आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड भरपूर असतं, एचसीए म्हणतात, वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये विकतात ते. २००५ मध्ये जपानमधून एक पेपर आला, कोकमाच्याच भावकीतल्या मलबारी चिंचेचा अर्क लठ्ठ जातीच्या नर रॅटना दिला, आणि एचसीएच्या वरच्या दोन डोसना, म्हणजे किलोला ७७८ आणि १,२४४ मिलिग्रॅमला, वृषणं आक्रसलेली दिसली. ३८९ ला काही नाही. त्यावर नंतर बराच वाद झाला, तो विशिष्ट जातीचा रॅट, एवढा मोठा डोस वगैरे, आणि जेलीच्या गोळीतून कोणी त्याच्या जवळपासही पोचणार नाही. पण युरोपातल्या खरेदीदाराचा रेग्युलेटरी माणूस गुगल करेल तेव्हा पहिल्या पानावर हेच येईल. त्यामुळे तुमच्या पावडरमध्ये एचसीए किती टक्के आहे हा आकडा तुमच्या हातात हवाच. पाण्याने रंग काढत असाल तर ते ॲसिड रंगासोबत येणारच, रेझिनच्या कॉलममधून रंग साफ करत असाल तर बरंचसं निघून जाईल. आणि हे बघायला रॅट लागत नाही, एचपीएलसी लागतो, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र.

आता कायदेशीर बाजू, इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. युरोपात दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ई १६३, अँथोसायनिन्स, खाण्याची फळं-भाज्या यांच्यापासून काढलेला मान्यताप्राप्त रंग. तुमचा माल त्या स्पेसिफिकेशनमध्ये बसत असेल तर मुळात तो नवा पदार्थच नाही, आणि खरेदीदाराला नव्या रॅट स्टडीऐवजी स्पेसिफिकेशनचा पुरावा पुरू शकतो. दुसरा रस्ता "रंग देणारं खाद्य", जसं बीटचा किंवा गाजराचा कॉन्सन्ट्रेट, जो ॲडिटिव्ह, म्हणजे खाण्यात वरून घातलेलं द्रव्य, मानलाच जात नाही. पण त्याला अट आहे: रंगद्रव्य वेचून काढलेलं नको. २०१३ च्या त्यांच्या मार्गदर्शक टिपणात हिशोब दिलाय, मूळ फळात रंगाचं पोषकद्रव्यांशी किंवा चवीच्या घटकांशी जे प्रमाण असतं, त्याच्या सहापटीच्या वर गेलात की तुम्ही ॲडिटिव्ह झालात. गंमत बघा, एचसीए काढून टाकायला रंग जास्त साफ केलात की या दुसऱ्या रस्त्यावरून बाहेर पडता. दोन्हीचा मेळ घालूनच प्रोसेस ठरवायला लागते, आणि ती आधी ठरवा, टेस्टिंग नंतर.

आणि कोकम हे फळ युरोपात १५ मे १९९७ च्या आधी लक्षणीय प्रमाणात खाल्लं जात होतं का, हा प्रश्नही येईल, कारण त्यांचा नॉव्हेल फूडचा (नव्या खाद्यपदार्थांचा) कायदा त्या तारखेवर उभा आहे. हे खरेदीदाराकडून लेखी विचारून घ्या, त्याच्या बाजूचं काम आहे ते, तुम्ही कुडाळात बसून शोधायचं नाही.

हे सगळं झाल्यावर स्टडी करायचीच वेळ आली तर क्रम असा ठेवा. आधी कागद, म्हणजे छापून आलेला सगळा डेटा. एफ्साने, म्हणजे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, २०१३ मध्ये अँथोसायनिन्सचं पुनर्मूल्यांकन केलं तेव्हा त्यांची तक्रार काय होती? रंग विषारी आहे अशी नव्हती, तर ज्या अर्कांवर अभ्यास झाले त्यांच्यात नेमकं काय होतं तेच धड लिहिलेलं नाही, म्हणून सगळ्यांना मिळून एक मर्यादा ठरवता येत नाही, अशी होती. म्हणजे पैसे आधी घालायचे ते केमिस्ट्रीत. रंग किती, ॲसिड किती, साखर, मीठ, सॉल्व्हंट, जड धातू, कीटकनाशक, आणि निदान चार-पाच बॅचेसमध्ये हे किती हलतं.

मग काचेतल्या चाचण्या, जनुकांना धक्का लागतो का ते बघणाऱ्या. एम्स टेस्ट बॅक्टेरियावर आणि मायक्रोन्यूक्लियस पेशींवर. वनस्पती अर्कांना एम्स कधीकधी पॉझिटिव्ह येते, क्वेर्सेटिनसारखा फ्लॅव्होनॉइड असला तरी येते, किंवा अर्कात मोकळं हिस्टिडीन असेल तर बॅक्टेरिया नुसते खाऊन वाढतात आणि वाटतं म्युटेशन झालं. त्यामुळे पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून हातपाय गाळू नका, कारण शोधायला सांगा. पण खरंच पॉझिटिव्ह असेल तर ९० दिवसांची स्टडी आधी करणं म्हणजे शुद्ध पैशाची नासाडी.

त्यानंतरच रॅट. ओईसीडी या देशांच्या संघटनेची ४०८ नंबरची गाइडलाइन. प्रत्येक ग्रुपमध्ये १० नर १० माद्या, तीन डोस आणि एक कंट्रोल (रंग न दिलेला ग्रुप), म्हणजे निदान ८० रॅट. रोज बघणं, वजन, खाणं, शेवटी रक्त, लघवी, डोळे, आणि मग नेक्रॉप्सी, म्हणजे शवविच्छेदन, करून अवयवांची वजनं आणि हिस्टो, म्हणजे अवयवांचे काप मायक्रोस्कोपखाली बघणं. वृषणं त्यात येतातच, म्हणजे एचसीएच्या प्रश्नाचंही उत्तर निघतं. २०१८ पासून थायरॉइडचे हॉर्मोन्सही बघायला लागतात.

रंगांच्या स्टडीत काही अडचणी अशा येतात की ज्या लॅबने आधी रंग केलेले नाहीत ती गोंधळते. लाल रंग खाल्लेल्या रॅटच्या पिंजऱ्यात बेडिंगवर डाग, विष्ठा रंगलेली, मिशा रंगलेल्या, हे ठीकच आहे. पण रॅटला ताण आला किंवा तो आजारी असला की त्याच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो, डोळ्याच्या कडेला आणि नाकाशी सुकतो, हुबेहूब रक्त सुकल्यासारखा. आता तुम्ही लाल पावडर खायला घातलीय, पिंजऱ्यात सगळीकडे लाल, आणि सकाळी टेक्निशियन वहीत लिहितो "नाकाशी लाल डाग". कसला डाग? फीडचा की ताणाचा? त्या स्रावात पॉर्फिरिन असतं, यूव्ही दिव्याखाली ते गुलाबी-लाल चमकतं, अँथोसायनिनचा डाग तसा चमकत नाही. हे स्टडी चालू असतानाच त्या सकाळी तपासायचं असतं, तीन महिन्यांनी रिपोर्ट लिहिताना काही करता येत नाही, आणि मग वरच्या डोसला "लाल डाग, २० पैकी १४" असं टेबल छापून येतं आणि एफ्सावाले त्यावर प्रश्न विचारतात. तसंच लघवीच्या पट्टीचं. पट्टी रंग बघूनच उत्तर देते, लघवीच रंगीत असेल तर ती रक्त किंवा बिलिरुबिन दाखवू शकते. अशा वेळी लघवी सेंट्रिफ्यूज करून मायक्रोस्कोपखाली लाल पेशी आहेत का ते बघायचं. लॅबला हे दोन प्रश्न फोनवर विचारा, उत्तर कसं येतं त्यावरून अनुभव कळतो.

कोकमाचे स्वतःचे दोन नखरे आहेत. एक मीठ. तुमची साल आमसुलाची, मीठ लावलेली असेल तर पावडरमध्ये मीठ घट्ट होऊन येणार, वरच्या डोसचे रॅट भसाभसा पाणी पिणार, लघवी वाढणार, किडनीचं वजन वाढणार, आणि रिपोर्टमध्ये ते सगळं तुमच्या रंगाच्या नावावर. म्हणून बिनमिठाची सुकी साल वापरा, किंवा तेवढंच मीठ दिलेला वेगळा कंट्रोल ग्रुप ठेवा. दुसरं आंबटपणा. फीडमध्ये आंबट पावडर घातली की रॅट कमी खातो, वजन घटतं, आणि एचसीए भूक कमी करतो असा दावा असल्यामुळे वजन चवीने घटलं की परिणामाने हे सांगता येत नाही. फीडमध्ये ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका, त्याने आहाराचाच तोल जातो. नळीने पोटात द्यायचं तर एवढं आम्ल द्रावण रोज दिल्यावर जठराच्या आवरणाला त्रास होऊ शकतो. मी असते तर फीडमधून दिलं असतं आणि आधी १४ दिवसांची छोटी ट्रायल थोड्या रॅटवर घेतली असती. आणि अँथोसायनिन आंबटात लाल राहतं पण फीडमध्ये मिसळल्यावर उडतं, म्हणून फीडमध्ये रंग किती दिवस टिकतो, गोणीच्या वरच्या आणि खालच्या थरात सारखा आहे का, हे मोजलेलं हवं. नाहीतर पत्रकावर डोस एक आणि रॅटच्या पोटात भलताच.

मालाचाही हिशोब करा. ५ टक्के फीड, रॅट रोज साधारण २० ग्रॅम खातो, म्हणजे १ ग्रॅम पावडर. २० रॅट, ९० दिवस, फक्त वरच्या ग्रुपला १.८ किलो. खालचे ग्रुप, ॲनालिसिस, सांडलवंड धरून तीन-साडेतीन किलो एकाच बॅचची, आणि तीच बॅच जिची केमिस्ट्री केलीय, आणि जशी तुम्ही पुढे विकणार आहात तशीच. स्टडीसाठी खास स्वच्छ बॅच बनवून देणारे लोक असतात, नंतर स्पेसिफिकेशन जुळत नाही आणि सगळं मुसळ केरात.

निकालाचं पुढे काय होतं तेही सांगते, कारण आकड्यांवरून उगीच गैरसमज होतात. ज्या सर्वांत मोठ्या डोसला काही वाईट दिसत नाही तो घेतात आणि साधारण १०० ने भागतात, १० रॅट ते माणूस यातल्या फरकासाठी, १० माणसामाणसातल्या फरकासाठी. हळदीच्या करक्युमिनचं असंच झालं. रॅटच्या पिढ्यानपिढ्यांच्या अभ्यासात किलोला २५० ते ३२० मिलिग्रॅमला ठीक होतं, म्हणून माणसाला किलोला ३ मिलिग्रॅम रोज. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, १५ किलोच्या मुलाला ४५. हळदीत करक्युमिन ढोबळ मानाने ३ टक्के धरलं तर ३ ग्रॅमच्या चमचाभर हळदीत ९० च्या आसपास. म्हणजे आमटीने काही होत नाही, पण कॅप्सूलवाल्यांनी आणि दिवसभर पिवळ्या गोळ्या चघळणाऱ्या मुलांच्या आयांनी हा आकडा बघावा. याच हळदीचा अर्क अमेरिकेच्या एनटीपीने, म्हणजे तिथल्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाने, दोन वर्षं रॅट आणि माइसना (छोट्या उंदरांना) ५ टक्क्यांपर्यंत फीडमधून दिला होता, १९९३ चा रिपोर्ट, आणि नर रॅटमध्ये काही नाही पण माद्यांमध्ये आणि माइसमध्ये कॅन्सरबाबतचा निकाल "धड हो नाही, धड नाही नाही" असा आला. दोन्ही बाजूचे लोक तो आपापल्या सोयीने उद्धृत करतात. स्टडी केली म्हणजे स्वच्छ हो किंवा नाही मिळेल असं धरून चालू नका.

आणि ॲलर्जी रॅटमध्ये दिसत नाही. किड्यापासून काढलेला कार्माइन रंग उंदरांच्या चाचण्यांतून पास झालेला, पण काही माणसांना त्याने जोरदार रिॲक्शन आली, म्हणून अमेरिकेने २०११ पासून लेबलवर त्याचं नाव सक्तीचं केलं.

तर तुमच्या बाबतीत माझं मत: आत्ता ते कोटेशन सही करू नका. खरेदीदाराला लेखी विचारा की माल ई १६३ म्हणून घेताय की रंग देणारं खाद्य म्हणून, आणि टॉक्सिकॉलॉजी डेटा म्हणजे नेमकी कुठली स्टडी, कुठल्या कलमाखाली. निम्म्या वेळा त्यांच्याकडे एक छापील फॉर्म असतो आणि तो सगळ्यांना जातो. तोपर्यंत केमिस्ट्री आणि एचसीए करून घ्या, त्याला लाखो लागत नाहीत. मग एम्स आणि मायक्रोन्यूक्लियस. तरीही ९० दिवसांची मागितली तर लॅब जीएलपी (चांगल्या प्रयोगशाळा-पद्धतीचे नियम) सर्टिफाइड आहे ना ते बघा, आपला देश २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यतेत आहे, त्यामुळे भारतात केलेली जीएलपी स्टडी तिकडे चालते, परदेशी लॅबच्या तिप्पट बिलाची गरज नाही. खर्चात खरेदीदाराला निम्मा वाटा मागायलाही लाजू नका, आणि तो देणार असेल तर डेटाची मालकी कुणाची ते आधी कागदावर घ्या, नाहीतर उद्या तोच रिपोर्ट दाखवून तो दुसऱ्याकडून माल घेईल.

साल मिठाची आहे की बिनमिठाची, आणि रंग पाण्याने काढता की अल्कोहोलने, एवढं दोन इथे लिहा. एचसीएचा आकडा आला की डोस काय धरायचे त्यावर बोलू.